घोड्याचे खूर

आमच्या त्रापेझुंदात
आधी नाणं दगडावर आपटून ऐकायचे,
मगच भाव बोलायचे.
माझ्या पणज्याच्या हातची चांदी
अशी खणखणीत, की ताब्रिझचा उंटवाला
पाठमोरा असूनही म्हणे,
हे समुद्राकाठचं.

एका बाजूला सम्राट घोड्यावर,
दुसऱ्या बाजूला संत एव्हगेनिओस, तोही घोड्यावर.
चार पाय, चार खूर, वळलेली शेपटी,
आणि खुरांखाली केसभर मोकळी जमीन.
ती जमीन पणज्याला फार प्रिय.
राज्य म्हणजे काय रे, तो प्यायला की विचारायचा,
आणि स्वतःच सांगायचा:
घोड्याखाली उरलेली जागा.

मोठ्या शहराच्या पडझडीतून
निसटलेल्या पोरांनी
डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीला
साम्राज्य म्हटलं.
नाव ऐसपैस. पट्टी तेवढीच.
तरी रेशीम आलं, मिरी आली,
जिनोव्हाची गलबतं जकातीवरून भांडत आली,
देवळाच्या घुमटात निळा रंग चढला
आणि टांकसाळीत रात्रीही घण पडू लागला.
आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात
ते तेव्हापासून.

मग साथ आली. मग आग.
मग डोंगरापलीकडच्या तंबूंना मुली दिल्या.
एकेका लग्नावर दहा वर्षं निभायची,
क्वचित पंधरा.
एक माझ्याच वयाची होती. वेशीतून गेली त्या दिवशी
तिने मागे वळून पाहिलं म्हणतात.
मला माहीत नाही,
मी खेचरांवरच्या पेट्या मोजत होते.
त्यातली चांदी आमच्याकडून गेली होती.

त्यानंतर चकती लहान होऊ लागली.
ठसा कोरणारा म्हातारा थेओदुलोस
लहान घोडा कोरायला तयार होईना.
घोडा म्हणजे काय बोकड आहे, म्हणे,
आज एवढा, उद्या तेवढा?
जुन्याच मापाचा ठसा, त्याखाली कातरलेली चांदी.
आधी ती केसभर जमीन गेली.
मग खूर गेले.
माझ्या लग्नात आहेर आला तेव्हा
घोडा गुडघ्यांपर्यंत होता,
थोरला मुलगा झाला तेव्हा पोटापर्यंत,
आमच्या धुक्यात उभा असावा तसा.
मासळीबाजारात बायका हसायच्या:
बघा गं, सम्राटाचा घोडा पोहतोय.
बाप ऐकायचा आणि हमसीची टोपली
भाव न करता उचलायचा.

ऑगस्टात शिडं आली.
पोरं मोजायला तटावर चढली,
आणि मोजणं अर्धवट टाकून उतरली.
लढाई अशी झालीच नाही.
एका सकाळी किल्ल्या दिल्या गेल्या,
सम्राट गलबतात बसून गेले.
घोडे इथेच राहिले.
दोन दिवस त्यांना कोणी पाणी दाखवलं नाही,
मग नव्या शिपायांनी दाखवलं.

थेओदुलोसला बायकापोरांसकट
मोठं शहर वसवायला नेलं.
ठसा त्याने विहिरीत टाकला
की फडक्यात बांधून नेला,
त्याची सूनही वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सांगते.
माझ्या बापाला ठेवून घेतलं.
झेनोविओस, तुझा हात स्थिर आहे, म्हणाले,
आणि नवा ठसा दिला.
त्यावर घोडा नाही, संत नाही,
नुसती अक्षरं, वेलीसारखी एकमेकांत गेलेली.
वर कुठलं, खाली कुठलं
हे त्याला रोज विचारून घ्यावं लागे.

पहिलं नाणं पडलं त्या संध्याकाळी
तो ते मुठीत घेऊन घरी आला.
दार लावलं. दगडावर आपटलं.
छान वाजलं, खोटं का बोलू,
माझ्या जन्मात असं वाजलेलं मी ऐकलं नव्हतं.
मग त्याने पणज्याची तागडी काढली,
एका पारड्यात नाणं,
दुसऱ्यात गव्हाचे दाणे, एकेक करून.
काटा थांबेपर्यंत दोघंही श्वास रोखून.

एक दाणा त्याने परत उचलला,
माझ्या तळहातावर ठेवला.
काही बोलला नाही.
बऱ्याच दिवसांनी त्या रात्री
तो पोटभर जेवला.